आभाळातला डोळा आणि काठावरचा डोळा

(सामुदायिक रेडिओवरच्या महिलांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण. बोलण्याची भाषा आहे तशीच ठेवली आहे.)

दुपारची भांडी आवरली असतील. कुणी तूर निवडायला घेतली असेल, कुणी हळदीच्या रानातून येऊन नुकतीच सावलीला टेकली असेल. हात चालू द्या, फक्त कान इकडे द्या.

आज मी समुद्राबद्दल बोलणार आहे. आता तुम्ही म्हणाल, बाई, हिंगोलीत बसून समुद्राचं काय घेऊन बसलीस? इथं प्यायच्या पाण्याची मारामार, आणि तुला समुद्र आठवतो! बरोबर आहे. आपल्यातल्या कितीतरी जणींनी समुद्र फक्त टीव्हीवर पाहिला आहे. पण आपण गेलो नाही तरी आपलं पाणी दर पावसाळ्यात समुद्राला जातं.

आपल्या कयाधूचंच बघा. वाशिम जिल्ह्यात उगम पावते, सेनगाव, हिंगोली, कळमनुरीच्या शिवारातून वाहते, नर्सीला नामदेव महाराजांच्या गावाला भेटते आणि पुढे नांदेड जिल्ह्यात पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा एक होऊन प्राणहिता होते, आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत जाते. आता दुसरी बाजू. पूर्णा नदी येलदरी आणि सिद्धेश्वर ही दोन धरणं ओलांडून औंढा-वसमतच्या बाजूनं जाते आणि परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते. म्हणजे दोघी बहिणी वेगवेगळ्या वाटांनी निघाल्या आणि शेवटी एकाच घरी पोचल्या. ती गोदावरी आंध्रात राजमहेंद्रीच्या खाली फाटे फोडून बंगालच्या उपसागराला मिळते.

पावसाळ्याच्या शेवटी आभाळ मोकळं झालं की उपग्रहातून काढलेल्या चित्रात गोदावरीचं मुख बघावं. निळ्या समुद्रात गढूळ पाण्याचा पंखा पसरलेला दिसतो. त्यात नाशिकची माती आहे, तेलंगणाची आहे, तशी आपल्या रानातली काळी मातीही आहे. मातीबरोबर आपण नाल्यात टाकलेली पिशवी जाते, फवारणीची रिकामी बाटली जाते, गावाचं सांडपाणी जातं. समुद्राच्या घाणीत आपलाही वाटा आहे. म्हणून समुद्र घाण झाला की नाही हे बघायची रीत आपल्याही उपयोगाची आहे. ती रीत शिकलो, की तीच नजर आपल्या तळ्याकडे आणि धरणाकडे वळवता येते.

आता हे बघतं कोण? आपल्याला वाटतं, मोठमोठे शास्त्रज्ञ, पांढरे कोट, बंद खोल्या. तेही बघतातच. पण जगात आता आणखी एक जमात तयार झाली आहे. तिला नागरिक वैज्ञानिक म्हणतात. नागरिक वैज्ञानिक म्हणजे शिक्षिका, कोळी, विद्यार्थी, निवृत्त कारकून, घर सांभाळणारी बाई, असं कुणीही. पगार नाही, पदवीची अट नाही. डोळे उघडे ठेवायचे, दिसेल ते नेमानं नोंदवायचं, आणि ती नोंद शास्त्रज्ञांपर्यंत पोचवायची.

आपल्या औंढा नागनाथ तालुक्यात लायगोची वेधशाळा होणार हे तुम्ही ऐकलंच असेल. अवकाशातून येणाऱ्या अगदी सूक्ष्म लहरी टिपणारं ते यंत्र. अमेरिकेत ही यंत्रं आधीपासून चालू आहेत आणि त्यांच्या नोंदींत खोटे आवाजही फार येतात. ते ओळखून वेगळे काढायचं काम २०१६ पासून हजारो साधी माणसं घरी बसून करत आली आहेत. तांदळातले खडे आपण निवडतो ना, अगदी तसंच. निवडण्यात आपला हात कोण धरणार? तर समुद्राच्या घाणीचंही असंच निवडणं आहे.

एक खरी हकिकत सांगते. २० एप्रिल २०१० ला अमेरिकेच्या दक्षिणेला, मेक्सिकोच्या आखातात, समुद्रातून तेल काढणाऱ्या एका मोठ्या फलाटावर स्फोट झाला. डीपवॉटर होरायझन त्याचं नाव. अकरा कामगार गेले. फलाट बुडाला आणि समुद्राच्या तळाशी असलेल्या विहिरीतून तेल उसळायला लागलं. किती तेल जातंय, असं लोक विचारत होते. आधी सांगण्यात आलं, दिवसाला १,००० पिंपं. मग आकडा ५,००० वर गेला. पिंप म्हणजे साधारण १५९ लिटर धरा.

तिथं स्कायट्रुथ नावाची एक छोटीशी संस्था आहे. जॉन एमॉस नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञानं ती २००१ मध्ये सुरू केली. हा माणूस पूर्वी तेल कंपन्यांसाठीच उपग्रहांची चित्रं वाचायचा. त्यानं सगळ्यांना मिळू शकतील अशी उपग्रहांची चित्रं समोर घेतली आणि तवंग किती मोठा पसरलाय ते मोजलं. आपल्या हातून दुधाचं पातेलं लवंडलं, तर फरशीवर किती लांब ओघळ गेला यावरून किती दूध गेलं ते आपण सांगतोच की! तसाच त्याचा हिशोब. तवंग एवढा मोठा, त्याची जाडी निदान एवढी, मग तेल इतकं. एका विद्यापीठातल्या समुद्रशास्त्रज्ञाच्या मदतीनं केलेला तो हिशोब आला दिवसाला २६,००० पिंपांच्याही वर. म्हणजे सांगितलेल्या आकड्याच्या पाचपट. पुढं सरकारनं बसवलेल्या शास्त्रज्ञांनीच सांगितलं, की खरा आकडा दिवसाला ५०,००० पिंपांहून जास्त होता. सत्त्याऐंशी दिवसांनी, १५ जुलैला, ती विहीर बंद झाली.

त्याच वेळी किनाऱ्यावरच्या लोकांनी काय केलं ऐका. त्यांनी पतंगांना आणि फुग्यांना साधे कॅमेरे बांधून ते वर सोडले. वरून हजारो फोटो काढले आणि ते जोडून आपल्या किनाऱ्याचे नकाशे तयार केले. संक्रांतीचा पतंग म्हणा ना! त्यातून पब्लिक लॅब नावाची चळवळ उभी राहिली.

आणि हे बघता बघता आणखी एक गोष्ट उघड झाली. या मोठ्या गळतीची चित्रं रोज तपासताना स्कायट्रुथच्या लोकांना दुसऱ्याच एका जागी एक बारीक लांब रेघ दिसायला लागली. आज दिसली, आठ दिवसांनी पुन्हा तिथंच दिसली, महिन्यानंही दिसली. २००४ च्या सप्टेंबरात आयव्हान नावाच्या चक्रीवादळानं एका कंपनीचा फलाट पाडला होता, त्याच्या विहिरी तेव्हापासून गळत होत्या. कंपनी म्हणत होती, दिवसाला दोन-तीन गॅलन, म्हणजे आठ ते अकरा लिटर, जास्त नाही. हे लोक चित्रांवर चित्रं काढून दाखवत राहिले, किनाऱ्यावरच्या संघटना कोर्टात गेल्या. शेवटी २०१९ मध्ये तिथल्या सरकारी शास्त्रज्ञांनी मोजलं, तर गळती दिवसाला ९ ते १०८ पिंपांपर्यंत निघाली. त्याच वर्षी तिथं तेल गोळा करायची यंत्रणा बसली. पंधरा वर्षं गेली मैत्रिणींनो. मोठा स्फोट सगळ्यांना दिसतो. बारीक गळती बघायला मात्र रोज नेमानं बघणारं कुणीतरी लागतं.

आता तुम्ही विचाराल, आठशे किलोमीटर उंचीवरून पाण्यावरचं तेल दिसतं तरी कसं? आपल्या स्वयंपाकघरातूनच समजून घेऊ.

परातीत पाणी घ्या आणि फुंकर मारा. बारीक लाटा उठतात. आता त्यात तेलाचे दोन थेंब टाका आणि पुन्हा फुंका. जिथं तेल पसरलं तिथं लाटा उठत नाहीत, पाणी गुळगुळीत राहतं. तवंग म्हणजे लाटा दाबणारी चादर. काही उपग्रहांवर रडार असतं. ते वरून लहरी सोडतं आणि परत येणाऱ्या लहरी मोजतं. रात्री नांगरलेल्या रानावर बॅटरी तिरकी मारली, तर ढेकळांवर आपटून उजेड थोडा का होईना आपल्याकडे परत येतो. तीच बॅटरी ओल्या गुळगुळीत फरशीवर तिरकी मारली, तर उजेड पुढे निसटून जातो आणि फरशी काळी दिसते. समुद्राचंही तसंच. लाटांचा खडबडीत समुद्र चित्रात उजळ, तेलाची जागा काळी.

रडारचा दुसरा गुण म्हणजे त्याला ढग आडवे येत नाहीत आणि रात्र आडवी येत नाही. आपल्या देशाला याचं फार महत्त्व आहे, कारण आपल्याकडचे दोन मोठे अपघात ऐन पावसाळ्यातले आहेत. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया या दोन जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल सांडलं, डबे समुद्रात पडले, रायगडच्या किनाऱ्यापर्यंत आणि तिवरांच्या मुळांपर्यंत काळा लेप गेला. लोकांनी मासे घ्यायचं टाळलं. आणि मासे विकतं कोण? कोळणी. समुद्रात तेल सांडलं आणि रिकामी टोपली बाईच्या डोक्यावर राहिली. पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट २०११ ला, एमव्ही रॅक नावाचं कोळशाचं जहाज मुंबईपासून काही अंतरावर बुडालं आणि त्यातलं तेल झिरपत राहिलं. त्या प्रकरणात पर्यावरणासाठी झगडणारा एक नागरिक राष्ट्रीय हरित लवादाकडे गेला आणि २०१६ मध्ये लवादानं जहाजाच्या मालकांना १०० कोटी रुपये भरपाईचा आदेश दिला. अशा ठिकाणी नुसतं 'पाणी घाण झालं हो' म्हणून भागत नाही. कुठं, कधी आणि किती, या तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. ती उत्तरं द्यायला तारखेचं चित्र उपयोगी पडतं.

ही चित्रं मिळतात कुठं? पूर्वी ती फार महाग होती. आता युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची चित्रं कुणालाही फुकट बघता येतात. रडारवाला सेंटिनेल-१ हा २०१४ पासून आणि रंगीत चित्रं काढणारा सेंटिनेल-२ हा २०१५ पासून वर आहे. कोपर्निकस ब्राउझर नावाच्या ठिकाणी जाऊन गावाचं नाव टाकायचं आणि तारीख निवडायची. आपल्या इस्रोचं भुवन आहेच, ते २००९ मध्ये सुरू झालं. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून इस्रो आणि नासाचा निसार हा रडारचा उपग्रह गेला, त्याची माहितीही सगळ्यांसाठी खुली ठेवायची असं ठरलेलं आहे. समुद्रात तेल सांडलं तर ते वाऱ्या-लाटांनी कुठं जाईल याचा अंदाज हैदराबादची इन्कॉइस संस्था देते आणि ते आवरायचं काम तटरक्षक दल बघतं. म्हणजे यंत्रणा आहे. पण सात हजार किलोमीटरहून लांब किनारा आणि हजारो नद्या-तळी रोज कोण तपासणार? तिथं आपल्यासारख्या डोळ्यांची गरज पडते.

आता एक माप लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल. सेंटिनेल-२ च्या चित्रातला सगळ्यात बारीक ठिपका जमिनीवर दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असतो. म्हणजे शंभर चौरस मीटर. म्हणजे जवळपास आपला एक गुंठा! उपग्रहाला एका गुंठ्याचा एक ठिपका दिसतो. तळ्यात एक पिशवी तरंगतेय, ती त्याला दिसणार नाही. गुंठाभर जलपर्णी माजली, ती दिसेल.

समुद्रातल्या प्लास्टिकचंही हेच. इंग्लंडमधल्या प्लिमथ इथल्या समुद्र प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये सेंटिनेल-२ च्या चित्रांतून तरंगणारं प्लास्टिक ओळखायची एक पद्धत मांडली. प्लास्टिक वेगळं आणि समुद्री शेवाळ, लाकूड, फेस वेगळा, हे सरासरी ८६ टक्के वेळा बरोबर ओळखता आलं. पण त्यासाठी प्लास्टिकचे मोठे पुंजके लागतात. २५ मे २०२५ ला केरळच्या किनाऱ्याजवळ एमएससी एल्सा-३ हे मालवाहू जहाज बुडालं. त्यातून प्लास्टिकचे बारीक दाणे किनाऱ्यावर आले, अगदी साबुदाण्याएवढे. उपग्रह कितीही चांगला असला तरी त्याला साबुदाणा दिसत नाही. ते दाणे वाळूतून माणसांनी, स्वयंसेवकांनी वेचले.

म्हणजे आभाळातल्या डोळ्याला खूप दिसतं, पण सगळं दिसत नाही. शिवाय जे दिसतं ते का झालं, हे त्याला सांगता येत नाही. लोणारचं आठवतं का? २०२० च्या जूनमध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं. आधी तिथल्या लोकांनी पाहिलं, मग नासाच्या चित्रांतही ते दिसलं. २५ मेच्या चित्रात हिरवट पाणी आणि १० जूनच्या चित्रात गुलाबी. लोक म्हणाले, कुणीतरी रसायन टाकलं. कुणी म्हणालं, चमत्कार. पण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पाण्याचे नमुने गेले, तेव्हा कळलं, की पाणी आटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे गुलाबी रंगाचे सूक्ष्मजीव त्यात फोफावले. पाऊस पडल्यावर पाण्याचा रंग पुन्हा बदलतो हेही लोकांनी पाहिलं. रंग आभाळातून दिसला. कारण कळलं ते बाटलीत भरून नेलेल्या पाण्यातून.

आता माझीच एक फजिती सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही.

माझी भाची बारावीला आहे. तिनं मोबाईलवर ही चित्रं बघायला शिकवलं. दिवाळीनंतरची गोष्ट. आम्ही दोघी इसापूर धरणाचं चित्र बघत होतो. पाण्यावर एका कडेला काळा डाग, चांगला दहा-बारा एकरांचा. आधीच्या चित्रात नव्हता. माझ्या डोक्यात एकदम तेल, मळी, काय काय आलं. गटातल्या बायांना दाखवलं, त्याही चिडल्या. आम्ही त्याच रात्री अर्ज लिहिला. इतकंच नाही, तर घाण कुणी सोडली असेल त्याचं नावही त्यात घातलं. पुरावा काय, तर हे चित्र.

दुसऱ्या दिवशी त्या काठच्या गावात सह्या घ्यायला गेलो. तिथं एक मासे धरणाऱ्या मावशी भेटल्या. त्यांनी तारीख विचारली. आम्ही सांगितली. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तर मी पाण्यातच होते बाई, सकाळी दहापासून. पाणी चांगलं होतं. मासळी चांगली होती. तुमचं काळं काही मला दिसलं नाही." आम्हाला खरं वाटेना. मावशी म्हणाल्या, "मग माझा डोळा खोटा आणि मोबाईलचा खरा?"

घरी आल्यावर भाचीनं चित्र लहान केलं. इतका वेळ आम्ही फक्त पाणीच मोठं करून बघत होतो. चित्र लहान झाल्यावर डागाच्या दक्षिणेला, काठावरच्या रानावर, एक छोटासा पांढरा ढग दिसला. अगदी डागाच्याच आकाराचा. सकाळी अकराच्या सुमाराला उपग्रह आपल्यावरून जातो. त्या उन्हात ढगाची सावली पाण्यावर पडली होती. आम्ही सावलीविरुद्ध अर्ज लिहिला होता!

आम्ही हसलो खूप. पण रात्री मला झोप लागली नाही. तो अर्ज गेला असता तर? ज्याचा दोष नाही त्याचं नाव आम्ही लिहिलं होतं. आणि पुढं कधी खरोखर घाण सुटली असती, तर लोक म्हणाले असते, या त्याच बाया, सावलीवाल्या. बाईच्या शब्दाला आधीच कमी वजन असतं. ते आम्ही आमच्याच हातानं आणखी कमी केलं असतं.

म्हणून तेव्हापासून आमच्या गटानं तीन नियम केले. पहिला, एका चित्रावर काही बोलायचं नाही. मागची दोन चित्रं, पुढची दोन चित्रं बघायची. खरी घाण असली तर ती रेंगाळते, पसरते, प्रवाहाबरोबर सरकते. दुसरा, चित्र लहान करून आजूबाजूला ढग आहे का ते आधी बघायचं. तिसरा आणि सगळ्यात मोठा, त्या दिवशी त्या पाण्याजवळ कोण होतं, त्याला विचारायचं. धुणं धुणारी, म्हशी पाण्यावर नेणारी, मासे धरणारी. तिनं काय पाहिलं, कसला वास आला.

समुद्राचं चित्र वाचणारे मोठे जाणकारही असंच करतात. वारा अगदी पडला, की तेल नसतानाही समुद्र गुळगुळीत होतो आणि रडारला काळा दिसतो. शेवाळाच्या स्निग्ध थरानंही तसंच होतं. वारा फार सुटला, तर खरा तवंगही मोडून जातो. म्हणून ते वाऱ्याचा वेग बघतात, जहाजांच्या वाटा बघतात, आणि शक्य असेल तर नाव पाठवून खात्री करतात.

आता आपल्या हातात काय आहे? जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झालं, त्यात प्रत्येक गावातल्या पाच बायांना पाणी तपासायचं शिकवावं असं ठरलेलं आहे. तुमच्या गावात त्या पाच जणी कोण, हे तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर ग्रामपंचायतीत विचारा. त्यांच्याकडे तपासणीची पेटी असते. गढूळपणा, क्षार, नायट्रेट, फ्लोराइड यांची चाचणी त्यात होते. जिवाणू बघायची छोटी बाटली असते. तिच्यात पाणी भरून ठेवायचं, ते काळं पडलं तर त्या पाण्यात मैल्याचे जिवाणू असण्याचा धोका समजायचा. यातली फ्लोराइड, नायट्रेट, जिवाणू ही मंडळी उपग्रहाला दिसत नाहीत. वरून पाणी निळंशार दिसेल आणि तरी ते लेकराला पाजण्यासारखं नसेल. तेव्हा चित्रात स्वच्छ दिसतंय म्हणून कुणी न उकळता, न तपासता पाणी प्यायचं नाही.

उपग्रहाचा उपयोग कशाला, तर कुठं जाऊन बघायचं हे ठरवायला. तळ्याच्या कुठल्या कोपऱ्यात हिरवं वाढतंय, पावसानंतर कुठल्या नाल्यातून गढूळ जीभ धरणात शिरतेय, उन्हाळ्यात जलपर्णी किती गुंठे वाढली. पाण्याला अवरक्त किरण गिळायची सवय आहे आणि हिरव्या पानाला ते परत फेकायची. त्यामुळे तशा चित्रात पाणी काळं आणि जलपर्णी लालभडक दिसते. शाळेतल्या पोरीलाही ती मोजता येते, कारण एक ठिपका म्हणजे एक गुंठा. आणि जलपर्णी माजली म्हणजे बहुतेक वेळा वरून सांडपाणी किंवा खताचं पाणी येतंय असं समजावं. मग त्या कोपऱ्यात जायचं, बाटली भरायची, तपासायची.

एक वही घाला. दोनशे पानी वही पुरे. तारीख, वेळ, जागा. पाण्याचा रंग. वास. फेस आहे का. मेलेले मासे आहेत का. आदल्या दिवशी पाऊस होता का. एक फोटो, त्यात ओळखीचं काहीतरी यावं, देऊळ, पूल, वडाचं झाड. आठवड्यातून एकदा, त्याच जागेवरून. पाण्यात फेस किंवा तेलकटपणा असेल तर हात घालू नका, लेकरांना लांब ठेवा आणि आधी ग्रामपंचायतीला कळवा. सहा महिन्यांच्या नोंदी आणि त्याच तारखांची चित्रं एकाशेजारी एक ठेवली, तर कुठल्याही साहेबासमोर तो कागद बोलतो. मग आपल्याला ओरडावं लागत नाही.

त्या मावशींचं मी तुम्हाला सांगितलं. आता त्या आमच्या गटात आहेत. त्यांना लिहिता येत नाही, मोबाईलही साधाच आहे. पण दर सोमवारी त्या भाचीला फोन करतात आणि पाणी कसं होतं ते सांगतात, भाची वहीत लिहिते आणि मग चित्र उघडते. आधी मावशी, मग चित्र, असा क्रम आम्ही ठरवून ठेवलाय. मागच्या सोमवारी त्यांनी सांगितलं, वरच्या ओढ्याच्या तोंडाशी पाणी हिरवट झालंय आणि कुबट वास येतोय. पाच दिवसांनी चित्र आलं, तिथं चार ठिपके वेगळे दिसले. चार गुंठे. ढग नव्हता. आम्ही या वेळी अर्ज लिहिला नाही. बाटली भरून तपासायला दिली आहे. निकाल आला की इथंच, याच वेळी, तुम्हाला सांगेन, चांगला असो की वाईट.

तोवर तुम्ही आपापल्या ओढ्यावर, तळ्यावर जाऊन या आणि वहीचं पहिलं पान लिहा. आपण आपल्या इथं पाहिलं, तर तिकडं गोदावरीच्या मुखाशी जाळं टाकणाऱ्या बाईच्या पाण्याचीही थोडी काळजी घेतली जाईल. तिचं नाव आपल्याला माहीत नाही आणि आपलं तिला. पाणी मात्र एकच आहे.